गोदी गेली, माणसं कुठे गेली?

आपल्या विहाराच्या स्मरणिकेत आम्ही आजवर गिरणगावाबद्दलच लिहीत आलो. या खेपेला संपादक मंडळातली पोरं म्हणाली, "काका, गिरणीचं पुष्कळ झालं, आता गोदीचं लिहा." त्यांचं म्हणणं रास्त आहे. आपली वस्ती बंदराच्या हद्दीला लागून आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या गोदीच्या जमिनीचं काय करायचं याचे आराखडे २०१४ पासून निघताहेत. कुणी म्हणतं बागा होणार, कुणी म्हणतं टॉवर होणार. नळावर, रेशनच्या लायनीत, विहाराच्या पायरीवर हीच चर्चा असते. तेव्हा जिथे हे सगळं घडून गेलं, त्या गावाची हकीकत आधी पाहावी असं आम्ही ठरवलं. ते गाव म्हणजे लंडन.

निमित्तही तसंच घडलं. आपल्याच चाळीतल्या एका भगिनीचा मुलगा लंडनला कॉम्प्युटरच्या नोकरीवर आहे. मागच्या बुद्धजयंतीला त्याने फोनवरून आम्हाला त्याची कचेरी दाखवली. काचेचे उंचच उंच मनोरे, मधे हिरवट पाणी, पाण्याकाठी कॉफी पिणारी माणसं. आम्ही विचारलं, "बाळा, हे पाणी कसलं? तळं आहे का?" तो म्हणाला, "जय भीम काका, ते नाही माहीत. आधीपासून आहे." त्या जागेचं नाव कॅनरी व्हार्फ. ते पाणी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी मजुरांनी खणलेली गोदी. पोरगं रोज तिच्या काठावरून कामाला जातं आणि त्याला ते माहीत नाही. त्याला दोष देत नाही. आपल्या लालबागच्या मॉलमध्ये फिरणाऱ्या पोरांना तरी खाली साचेखातं होतं हे कुठे ठाऊक असतं?

लंडनच्या पूर्वेला थेम्स नदी वळण घेते, त्या वळणात आयल ऑफ डॉग्ज नावाचा भाग आहे. तिथे १८०२ साली वेस्ट इंडिया गोदी सुरू झाली. वेस्ट इंडीजच्या बेटांवर गुलामांच्या घामातून निघालेली साखर आणि रम इथे उतरायची. ही गोदी उभारण्यात पुढाकार घेणारा रॉबर्ट मिलिगन हा स्वतः जमैकात मळे आणि गुलाम बाळगणारा व्यापारी. त्याचा पुतळा त्याच गोदीवर उभा होता, तो जून २०२० मध्ये हलवण्यात आला. चोरी होऊ नये म्हणून गोदीभोवती उंच भिंत घातली होती. आत साखर, बाहेर उपाशी माणसं, अशी ती भिंत. पाठोपाठ १८०५ साली वॅपिंगला लंडन गोदी, १८०६ साली आपल्या नावाची ईस्ट इंडिया गोदी. पुढे रॉयल व्हिक्टोरिया १८५५ ला आणि शेवटची पाचवा जॉर्ज गोदी १९२१ ला.

यात एका गोदीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सेंट कॅथरिन गोदी १८२८ साली उघडली. ती बांधायला भरवस्तीची जागा घेतली. सुमारे १,२५० घरं पाडली, ११,३०० च्या आसपास माणसं हलवली. त्यातली बहुतेक बंदरावरच पोट भरणारी. भरपाई मिळाली ती जमीन-घराच्या मालकांना. भाडेकरूला काही नाही. म्हणजे गोदी गेल्यावरच माणसं उठली असं नाही, गोदी येतानाही उठलीच होती. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता गोदीतल्या कामगाराचं जिणं कसं होतं? ज्यांनी गिरणीत बदलीवर काढलंय त्यांना फार सांगावं लागणार नाही. सकाळी फाटकापाशी शेकड्यांनी माणसं गोळा व्हायची. मुकादम यायचा, बोटाने दाखवायचा, तू, तू आणि तू. ज्याच्याकडे बोट गेलं त्याची त्या दिवशी, नाहीतर दोन-चार तासांपुरतीच, चूल पेटायची. बाकीचे परत. आम्ही स्वतः बदली कार्ड घेऊन गिरणीच्या गेटवर उभे राहिलोय, सकाळी सातला डबा घेऊन निघायचं आणि आठला तोच डबा भरलेला घरी आणायचा. आई काही बोलायची नाही, तेच जास्त लागायचं.

या रोजंदारीच्या विरोधात १८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी संप केला. मागणी काय, तर तासाला पाच पेन्सऐवजी सहा पेन्स, आणि बोलावलं तर निदान चार तासांचं काम. बेन टिलेट, टॉम मॅन, जॉन बर्न्स हे पुढारी. ऐन भरात लाखभर माणूस संपात होता. ऑस्ट्रेलियातल्या कामगारांनी तीस हजार पौंडांवर वर्गणी पाठवली. सुमारे पाच आठवड्यांत संप जिंकला. जगातल्या अंगमेहनती कामगारांच्या चळवळीत या संपाचं नाव मानाने घेतलं जातं.

पण रोजंदारी काही सुटली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये गोदी कामगारांची नोंदणी झाली, काम नसलं तरी थोडा पगार मिळू लागला. खऱ्या अर्थाने कायम नोकरी मिळाली ती १९६७ साली. आणि दैव म्हणा की भांडवलशाही म्हणा, त्याच १९६७ साली ईस्ट इंडिया गोदी बंद पडली! शंभर वर्षं ज्या 'कायम' साठी भांडले ते हातात आलं, तोवर पायाखालची गोदीच निघाली.

कारण होतं कंटेनर. पूर्वी पोती, पेट्या, पिंपं माणसांच्या पाठीवरून उतरायची. आता सगळा माल लोखंडी डब्यात, डबा क्रेनने उचलायचा, ट्रकवर ठेवायचा. मोठाली जहाजं त्या जुन्या अरुंद गोद्यांत मावेनात. धंदा नदीच्या मुखाकडे, टिलबरीला गेला. आपल्याकडे न्हावा शेवा १९८९ ला सुरू झालं आणि मुंबईच्या गोदीची जी गत झाली, तीच ही गोष्ट वीस वर्षं आधीची. एकामागून एक कुलुपं लागली. सेंट कॅथरिन आणि लंडन गोदी १९६८-६९ ला, वेस्ट इंडिया १९८० ला, रॉयल गोद्या १९८१ ला. म्हणून प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की विकासवाल्यांनी गोदी मारली नाही. ती आधीच मेली होती. प्रश्न आहे तो तिच्या वारसाहक्काचा.

आयल ऑफ डॉग्जची माणसं मात्र गप्प बसणारी नव्हती. शाळा नाही, बस नाही, दवाखाना लांब, म्हणून १ मार्च १९७० ला त्यांनी जाहीर केलं की आम्ही ब्रिटनपासून स्वतंत्र झालो! दहा हजारांची वस्ती. बेटावर यायचे रस्ते काही तास अडवले आणि टेड जॉन्स नावाच्या आपल्या कार्यकर्त्याला राष्ट्राध्यक्ष केलं. सगळ्या जगाचे वार्ताहर धावले. वाचताना आम्हाला पँथरच्या दिवसांच्या ऐकलेल्या गोष्टी आठवल्या. पोटात आग असल्याशिवाय अशी चेष्टा सुचत नाही.

मग आलं १९८१ साल. मार्गारेट थॅचरबाईंचं सरकार. त्यांचे मंत्री मायकेल हेसल्टाईन यांनी गोदीच्या सुमारे साडेआठ चौरस मैल जागेसाठी एक महामंडळ नेमलं. लंडन डॉकलँड्स विकास महामंडळ. इमारतीला परवानगी देण्याचा अधिकार निवडून आलेल्या टॉवर हॅम्लेट्स, न्यूहॅम आणि सदर्क या नगरपालिकांकडून काढून या महामंडळाला दिला. मंडळावर माणसं सरकार नेमणार. पहिले अध्यक्ष कोण? नायजेल ब्रोक्स, बांधकाम-जमिनीच्या धंद्यातली बडी असामी. १९८२ ला आयल ऑफ डॉग्जचा काही भाग सवलतीचा पट्टा जाहीर झाला. दहा वर्षं स्थानिक कर माफ, इमारतीवरचा खर्च आयकरातून वजा. तिथल्या कामगाराने मत देऊन निवडलेला नगरसेवक होता, पण त्याच्या हातात काही उरलं नाही.

आकडे महामंडळाचेच घेऊ, म्हणजे आम्ही काही वाढवून सांगितलं असं कुणी म्हणणार नाही. १९८१ ला तिथे सुमारे ३९,००० लोक राहत होते. १९९८ च्या मार्चमध्ये महामंडळ गुंडाळलं तेव्हा ८३,०००. नोकऱ्या २७,००० च्या ८५,००० झाल्या. नवी घरं २४,००० बांधली. सरकारी खर्च १८६ कोटी पौंड, खाजगी पैसा ७७० कोटी. नुसते हे आकडे पाहिले तर कुणीही म्हणेल, वा, केवढं झालं!

पण त्या ८५,००० नोकऱ्या कुणाच्या? बऱ्याचशा दुसरीकडून उठून आलेल्या कचेऱ्यांच्या. वॅपिंगचं उदाहरण घ्या. १९८६ च्या जानेवारीत रुपर्ट मरडॉक यांनी आपल्या वर्तमानपत्रांची छपाई तिथे हलवली आणि सुमारे साडेपाच हजार छापखाना कामगार घरी बसवले. वर्षभर फाटकावर संप चालला, घोड्यावरचे पोलीस आले, संप हरला. कागदावर मात्र वॅपिंगला नोकऱ्या 'वाढल्या'. आणि बँकेत, विमा कंपनीत जी नोकरी निघाली ती पन्नाशीच्या हमालाला काय कामाची? त्याच्या हातातल्या आकड्याला, पाठीला आता कुणी विचारत नव्हतं. गिरणी सुटल्यावर आम्हालाही कुणीतरी सांगितलं होतं की त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये वॉचमनची जागा आहे. जिथे साचा चालवला तिथे सलाम मारायचा. आम्ही गेलो नाही. पण जे गेले त्यांना नावं ठेवत नाही, पोरांच्या फिया भरायच्या असतात.

घरांचंही तसंच. गोदी भागातली बहुतेक घरं नगरपालिकेची, भाडं परवडण्यासारखं. नवी घरं बांधली ती मुख्यतः विकायला. सुरुवातीला काही घरं स्थानिकांना परवडतील अशा भावात आधी देऊ केली होती, पण भाव असे चढत गेले की ती पुन्हा विकली गेली आणि गोदीवाल्याच्या मुलाला लग्न झाल्यावर वस्ती सोडावी लागली. वखारींचे आलिशान गाळे झाले. सेंट कॅथरिन गोदीत आता शौकिनांच्या नौका उभ्या असतात.

लोक लढले. १९८३ ला न्यूहॅमच्या रहिवाशांनी रॉयल गोदीसाठी आपला स्वतःचा आराखडा तयार केला. विमानतळ नको, कामधंदा, घरं, पाळणाघरं हवीत, असं त्यात मांडलं. विमानतळ १९८७ ला झालाच. १९८४ पासून तीन वर्षं त्यांनी पडाव सजवून, झेंडे लावून नदीतून पार्लमेंटवर मोर्चा नेला. पाण्यातला मोर्चा! १९८६ ला बड्या पाहुण्यांच्या समारंभात मेंढ्या आणि मधमाश्या सोडल्या. कोटवाले कसे पळाले असतील ते मनात आणून आम्ही एकटेच हसलो. त्याचा उपयोग अगदीच झाला नाही असं नाही. १९८७ नंतर महामंडळाने नगरपालिकांशी करार केले, परवडणारी घरं, शाळा, प्रशिक्षण यांवर पैसा सोडला. भांडल्यावर सोडला, आधी नाही.

कॅनरी व्हार्फचा मोठा मनोरा १९९१ ला पुरा झाला. ५० मजले, तेव्हा ब्रिटनमध्ये सर्वांत उंच. बांधणारी कॅनडाची कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली, तो भाग वेगळा. या मनोऱ्यामुळे आजूबाजूच्या शेकडो घरांत टी.व्ही. दिसेना. शिवाय रस्त्याच्या कामाची धूळ घराघरांत. रहिवासी कोर्टात गेले. १९९७ ला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला. इमारतीने टी.व्ही. अडवला तर तो दाव्याचा विषय नाही. आणि अशा उपद्रवाचा दावा लावायचा तर घरावर कायदेशीर हक्क पाहिजे, मालक म्हणून किंवा भाडेकरू म्हणून. घर नवऱ्याच्या नावावर असेल तर बायकोला, मुलांना तो दावा नाही. दिवसभर धूळ खाणार बायको, आणि कायद्याच्या दृष्टीने ती त्या घरात कुणीच नाही! १८२८ च्या भाडेकरूंची आठवण ठेवा म्हटलं होतं ते यासाठी.

आता जो भाग लिहायला हात जड होतो तो. आम्ही गोदी कामगारांचं एवढं कौतुक केलं, पण इतिहास अर्धा सांगून चालणार नाही. १९६८ च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल नावाच्या खासदाराने काळ्या आणि आशियाई लोकांच्या विरोधात विखारी भाषण केलं. त्याच्या पक्षाने त्याला पदावरून काढलं. तीनच दिवसांनी, २३ एप्रिलला, सुमारे हजार गोदी कामगार काम टाकून पार्लमेंटवर गेले. कशासाठी? पॉवेलच्या पाठिंब्यासाठी! ज्यांच्या आज्यांना १८८९ ला परदेशातून वर्गणी आली, त्यांचे हे नातू. त्यांच्यात कम्युनिस्ट पुढारी होते, पण त्या दिवशी त्यांचं काही चाललं नाही.

हे वाचून गोऱ्या कामगारांना शिव्या देणं सोपं आहे. पण आपल्या गिरणीत काय होतं? साचेखात्यात पगार जास्त, आणि तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा लाल बावट्यावाल्यांना तो अडचणीचा वाटला. आमचे आजोबा सूतखात्यातच झिजले. एका भोंग्यावर उठणारी, एका चाळीत राहणारी माणसं, पण पाण्याचा माठ वेगळा. आणि १९७४ ला वरळीच्या बी.डी.डी. चाळींत जी दंगल झाली, तिच्यात दोन्हीकडे कामगारांचीच पोरं होती ना? त्यामुळे 'पूर्वी सगळे कसे एक होते' असं कुणी गिरणगावाचं गोड चित्र काढलं की आमच्या तोंडाला चव राहत नाही.

लंडनमध्ये ही आग पुढे भडकली. घरं कमी पडली. नगरपालिकेच्या घरांच्या यादीत गर्दी झाली. त्यात बांगलादेशी कुटुंबं होती, जास्त मुलं, जास्त अडचण. गोऱ्या रहिवाशाला वाटलं, माझ्या मुलाचं घर यांनी नेलं. वास्तविक चारी बाजूंना हजारोंनी घरं उठत होती, पण ती विकायची होती. त्या मनोऱ्याकडे बोट दाखवण्यापेक्षा शेजाऱ्याकडे दाखवणं सोपं. १६ सप्टेंबर १९९३ च्या पोटनिवडणुकीत आयल ऑफ डॉग्जच्या मिलवॉल वॉर्डातून गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणाऱ्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचा उमेदवार डेरेक बीकन निवडून आला. फरक अवघा सात मतांचा. सात! मग माणसं जागी झाली. घरोघर फिरून मतदान वाढवलं आणि १९९४ च्या मे महिन्यात तो पडला.

यातली खरी विसंगती अशी, की ज्यांना उपरे म्हटलं ते तिथे कसे पोचले? सिल्हेटची माणसं जहाजांच्या भट्टीत कोळसा टाकायची. आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर खलाशी, सारंग म्हणून असायचे. गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगारावर. प्रवास संपला की लंडनच्या गोदीवर बेकार, थंडीत उघडे. त्यांच्या निवाऱ्यासाठी १८५७ ला लाइमहाउसला परदेशी खलाशांचं वसतिगृह काढावं लागलं. म्हणजे त्या गोदीवर त्यांचाही हक्क पिढ्यान् पिढ्यांचा.

आजची स्थिती पाहिली तर कॅनरी व्हार्फमध्ये दिवसा लाखाच्या घरात माणसं कामाला येतात. त्याच टॉवर हॅम्लेट्सचं नाव मुलांच्या गरिबीच्या यादीत वर्षानुवर्षं वरच्या जागी राहिलं आहे. तिथले रस्ते, चौक खाजगी मालकीचे, पहारा खाजगी. २०११ ला निदर्शक येतील म्हणून मालक कंपनीने कोर्टातून मनाई हुकूम आणला. रात्री कचेऱ्या झाडायला येतात ती पुन्हा आजूबाजूच्या वस्तीतलीच माणसं, बरीचशी काळी, आशियाई. २००१ ला तिथल्या मशिदी, चर्चेस आणि युनियननी मिळून जगण्यापुरत्या वेतनाची मोहीम सुरू केली. २००३ साली एच.एस.बी.सी. बँकेच्या भागधारकांच्या सभेत त्याच बँकेच्या कचेरीत रात्री झाडू मारणारा एक कामगार उभा राहिला आणि अध्यक्षांना त्याने सांगितलं की मी तुमचीच खोली साफ करतो, आमचं या पगारात भागत नाही. पुढे त्यांचा पगार वाढला. १८८९ ला सहा पेन्स मागितले होते, त्याच गोदीवर पुन्हा तेच मागणं.

आमच्या त्या मुलाला आम्ही हे सगळं कळवलं. एका रविवारी तो मुद्दाम तिथल्या गोदीच्या म्युझियममध्ये जाऊन आला. साखरेच्याच जुन्या वखारीत २००३ ला ते काढलंय. फोनवर म्हणाला, "काका, रात्री थांबलो तर झाडूवाले दादा येतात, मी त्यांच्याशी कधी बोललोच नव्हतो. परवा बोललो. सिल्हेटचे निघाले. त्यांचे आजोबा जहाजावर होते." आम्ही म्हटलं, "त्यांना आमचा नमस्कार सांग."

आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते घरोघर ठाऊक आहे. १९९१ च्या नियमात एक तृतीयांश जागा घरांसाठी, एक तृतीयांश मोकळी, असं होतं. २००१ ला तो हिस्सा फक्त रिकाम्या जागेवर लागू केला आणि २००६ ला सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. गिरणी कामगारांच्या घरांची २०१२ ला सोडत निघाली, घरं ६,९२५, अर्ज दीड लाखाच्या आसपास. आमचे वडील १९८२ च्या संपातले. त्यांच्या नावाने अर्ज आम्ही भरला तेव्हा हजेरी कार्ड सापडेना, पी.एफ.ची एक चिठ्ठी तेवढी आईने डब्यात जपून ठेवली होती. तिच्यावर काम भागलं.

म्हणून गेल्या महिन्यापासून दर रविवारी संध्याकाळी सात ते नऊ विहारात कागद जमा करण्याचं काम चालू केलं आहे. भाडेपावती, जुनं रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादीतला उतारा, जे असेल ते आणावं. झेरॉक्सचा खर्च विहार करेल, मूळ कागद लगेच परत दिला जाईल. निम्म्या घरांचं झालं आहे. भाडेपावती ज्यांच्या एकट्या पुरुषाच्या नावावर आहे त्यांनी घरातल्या बाईलाही सोबत आणावं, तिच्या नावाचा अर्ज आम्ही तिथेच लिहून देतो. मागच्या गल्लीतल्या बिहारी आणि मुसलमान कुटुंबांनाही निरोप दिला आहे, त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवलेला नाही.